डावा गाल

ब्रश डाव्या नाकपुडीच्या कडेला टेकला आणि तो ओरडला. आपण ओरडलो हे त्याला जरा उशिरानं कळलं. आधी कळलं ते एवढंच, की नाकपुडीपासून कानापर्यंत आतून काहीतरी सर्रकन ओढलं गेलं, अख्खा जबडा त्याच्यामागोमाग निघून येईल असं वाटलं, आणि ते संपलंही. श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. डोळे उघडले तेव्हा वडील मागं सरकून भिंतीला टेकले होते. त्यांच्या हातात फेसाचा ब्रश होता आणि फेस मनगटावरून कोपराकडे ओघळत होता. वस्तरा अजून फळीवरच होता, मिटलेला. पण वडिलांना ते दिसत नव्हतं. ते त्याच्या गालावर रक्त शोधत होते. "कापलं का साहेब?" त्यांनी विचारलं. "नाही हो बाबा, काही नाही," तो म्हणाला, आणि बोलताना ओठ हलला तशी ती ओढ पुन्हा आली, म्हणून त्यानं तोंड हातानं झाकलं. हात तोंडावर असलेला माणूस बघून वडिलांची खात्रीच पटली. "मी आजवर कुणाला कापलेलं नाही," ते भिंतीला म्हणाले. "विचारा कुणालाही."

आणि ते खरं होतं. वडिलांनी आयुष्यभर केस कापायचं दुकान चालवलं, रस्त्याला लागून, दोन खुर्च्यांचं. लोक त्यांच्यासमोर मान मागं टाकून गळा उघडा करून बसत आणि राजकारणापासून बायकोपर्यंत सगळं बोलत. मग एका वर्षी ते अर्धे केस कापून झालेल्या माणसाला "झालं" म्हणून उठवायला लागले, दुकानाचं कुलूप लावून चावी आतच ठेवायला लागले, आणि दुकान बंद करावं लागलं. दुकानातल्या दोन खुर्च्यांपैकी एक घरी आली. तिला ठेवायला मागच्या खोलीतलं कपाट बाहेर काढावं लागलं, बायको त्यावरून महिनाभर कुरकुरली, पण खुर्ची आली. आणि मग रोज सकाळी तो त्या खुर्चीत बसू लागला. वडील टॉवेल झटकत म्हणायचे, "या साहेब, बसा." वडिलांच्या डोक्यातून आधी पत्ते गेले होते, मग वर्षं गेली, मग माणसं. आईला जाऊन किती काळ झाला ते गेलं, ती गेली हेही अधूनमधून जात होतं. पण हातातून काही गेलेलं नव्हतं. गालाची कातडी दोन बोटांनी ताणायची, वस्तरा कानापासून खाली आणायचा, हनुवटीच्या वळणावर मनगट फिरवायचं, हे सगळं कुठल्यातरी वेगळ्या, न गळणाऱ्या भांड्यात साठवलेलं होतं. दाढी संपायची. वडील गरम पाण्यात पिळलेला टॉवेल त्याच्या चेहऱ्यावर दाबून धरायचे, मग उचलायचे, आणि टॉवेलाखालून निघालेल्या त्या स्वच्छ चेहऱ्याकडे बघून दरवेळी चकित व्हायचे. "अरे, तू होय! कधी आलास?" तो म्हणायचा, "आत्ताच आलो." दुपारपर्यंत तो पुन्हा साहेब झालेला असे, किंवा घरात उगाच वावरणारा कुणी बरा माणूस. पण सकाळी एकदा, फेस पुसल्यावर, तो मुलगा असे. तेवढ्यावर दिवस निघायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात? पन्नाशी उलटलेल्या माणसाला बाप ओळखतो म्हणून बरं वाटतं, हे कुणाला सांगायचं?

पुढचे काही दिवस तो दबकून राहिला, आणि दुखणं दबा धरून. दात घासताना आलं. त्याच्या स्वतःच्या दुकानाचं दार उघडून कुणी आत आलं आणि रस्त्यावरचा वारा गालावरून गेला, तर आलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, भागीदारीत. भागीदार हिशेब आणि बोलणं बघायचा, हा लोकांच्या चेहऱ्यांवर फ्रेमा बसवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या नाकांवर, कानांमागं बोटं फिरवायची, दांडी गरम करून किंचित वाकवायची, "आता टोचतंय का?" विचारायचं, हे काम. त्याला ते फार आवडायचं, कारण माणसं त्या क्षणी अगदी गप्प होतात आणि चेहरा हवाली करतात. आता तो "टोचतंय का" हे दोन शब्द म्हणतानाच मधे थबकायचा. गिऱ्हाईक बघत राहायचं. तो डोळे मिटून, टेबलाची कड धरून उभा, आणि समोरची बाई नव्या चष्म्यातून त्याला बघते आहे, भलतीच स्पष्ट. "दात दुखतोय," तो सांगायचा. त्यालाही तसंच वाटत होतं. दातांच्या डॉक्टरलाही तसंच वाटलं. त्यानं वरची दाढ काढून टाकली, चांगली धडधाकट दाढ, आणि दुखणं जागच्या जागी राहिलं. त्याच सुमाराला त्यानं दाढी करणं सोडलं होतं. "दाढ गेली आणि दाढी आली," भागीदार म्हणाला, "सौदा काही वाईट नाही." तो हसला आणि त्या हसण्याची किंमत लगेच चुकती करावी लागली.

दुखण्याला नाव मिळालं ते नंतर, मेंदूच्या डॉक्टरकडे. चेहऱ्याची शीर. खरं तर मज्जातंतू, पण सगळे शीरच म्हणत होते. चेहऱ्यावर काय लागलं, गरम की गार, हात की वारा, ही खबर मेंदूला पोचवणारी शीर. ती साध्या स्पर्शाची खबर आगीची म्हणून पोचवत होती. त्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी फरक पडला. दुखणं दूर गेलं, भिंतीपलीकडल्या भांडणासारखं झालं. पण त्याच्याबरोबर इतरही बरंच काही भिंतीपलीकडे गेलं. चालताना जमीन पायाखाली उशिरा यायची. काचांचे नंबर, जे त्याला गिऱ्हाइकांच्या तोंडांबरोबर पाठ असायचे, ते सुटे होऊन तरंगायला लागले. एका सकाळी टेबलावर तो आणि वडील समोरासमोर बसले होते आणि दोघंही एकाच वस्तूकडे बोट दाखवत होते. "ते दे," वडील म्हणाले, "ते, ढवळायचं." "हं, ते," तो म्हणाला, आणि त्यालाही शब्द सापडेना. चमचा मधोमध पडला होता. बायकोनं एकदा सासऱ्यांकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि चमचा उचलून तशीच उभी राहिली. मग हसायला लागली, हसता हसता ओट्याकडे वळली, आणि बराच वेळ वळलेलीच राहिली. दुखणं पुन्हा डोकं वर काढायला लागलं की डॉक्टर गोळी वाढवायचे, आणि गोळी वाढली की तो आणखी थोडा वडिलांच्या बाजूला सरकायचा. त्याला वाटायचं, असंच चालू राहिलं तर एके दिवशी आपण त्यांना गाठू. दोघंही पलीकडे. आणि तिथंही ते म्हणतील, "या साहेब."

दाढी पांढरी आली. आरशात बघताना त्याला ती कुणा दुसऱ्याची वाटे. वडिलांना तर ती साफच परक्याची होती. सकाळी ते उठून आपण होऊन मागच्या खोलीत जात, टॉवेल दंडावर टाकत, खुर्चीमागं उभे राहत. तो दारातून बघायचा. "साहेब, दाढी करायची का?" ते विचारत. तो मान हलवून नाही म्हणायचा. "बरं बरं. पुढच्या वेळी," वडील अदबीनं म्हणत, दुकानदारानं म्हणावं तसं, मनाला लावून न घेता. त्यांना वाईट वाटलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. एकदा भागीदारानं, बिचाऱ्यानं, स्वतःहून येऊन त्या खुर्चीत बसायची तयारी दाखवली. वडिलांनी त्याची दाढी केली, सुरेख केली, एक ओरखडा नाही. टॉवेल उचलला, भागीदाराच्या गोल, गुलाबी चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं साहेब." तो दारात उभा होता. वडिलांची नजर भागीदाराच्या चेहऱ्यावर आणखी थोडी रेंगाळली, काहीतरी यायचं होतं ते आलं नाही म्हणून, असं त्याला वाटलं. किंवा ते त्याच्या स्वतःच्या मनातलं असेल. मनातलं आणि बाहेरचं वेगळं काढायची ताकद त्या गोळ्यांनी उरू दिली नव्हती.

सर्जन बाई वयानं त्याच्याहून लहान होत्या आणि सावकाश बोलत होत्या. टेबलावर कवटीचा नमुना होता, तो त्यांनी त्याच्याकडे फिरवला. "कसं दुखतं?" त्यांनी विचारलं. त्यानं आजवर हे सांगायचा खूप प्रयत्न केला होता. वीज, सुई, तापलेला स्क्रू, कुठलाच शब्द तिथवर पोचत नव्हता. "बापानं गालाला हात लावला की दुखतं," तो म्हणाला. बायकोनं त्याच्याकडे चमकून बघितलं. सर्जन बाईंनी मान डोलावली, जणू हेच उत्तर पुस्तकात असतं. मग त्यांनी समजावलं. कानामागं, आत खोल, एक रक्तवाहिनी त्या शिरेला खेटून बसली आहे. ती धडधडते तशी शिरेवर घासते, आणि घासून घासून शिरेवरचं आवरण झिजलं आहे. पहिला रस्ता म्हणजे मोठं ऑपरेशन. कानामागं कवटीला लहानसं भोक पाडायचं, रक्तवाहिनी अलगद बाजूला करायची, दोघींच्या मधे स्पंजसारखा इवला तुकडा ठेवायचा. "शीर जशीच्या तशी राहते. गालाची जाणीव राहते. सगळ्यात जास्त टिकतं ते हेच. पण डोकं उघडायचं आहे. त्या कानाचं ऐकू येणं जाऊ शकतं, क्वचित त्याहून गंभीरही काही होऊ शकतं. आणि सावरायला वेळ लागतो. तुमचं बी.पी. आधी ताब्यात आणावं लागेल, तोवर मी हात लावणार नाही." दुसरा रस्ता किरणांचा. कापाकापी काही नाही, डोकं एका चौकटीत पक्कं बसवायचं आणि नेमक्या जागी किरण सोडायचे. "पण त्याचा गुण सावकाश येतो. काही आठवडे, कधी काही महिने." आणि तिसरा रस्ता सुईचा. ओठाच्या कडेशी गालातून सुई आत घालायची, कवटीच्या तळाला एक नैसर्गिक भोक असतं त्यातून शिरेपर्यंत न्यायची आणि तिथं शिरेचे तंतू उष्णतेनं थोडे जाळायचे. "दुसऱ्या दिवशी घरी. दुखणं बहुधा लगेच थांबतं. पण गाल बधिर होतो. किती होईल ते आधी सांगता येत नाही. आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं." त्या थांबल्या. "तुमच्या वयाला, तुमच्या तब्येतीला, मी पहिलाच सांगेन. घाई नाहीये."

घाई नाहीये. तो कवटीच्या त्या भोकाकडे बघत होता. इतकं लहान भोक, आणि त्यातून येणारीजाणारी सगळी खबर, आईनं तोंड पुसलेलं, पहिल्यांदा कुणीतरी घाबरत घाबरत ओठ टेकवलेले, थंडीतल्या सकाळी सायकलवरून जाताना बोचणारं वारं, सगळं ह्यातून आत गेलेलं. तो विचार करत होता आणि विचारांच्या मधे मधे त्याला वडील दिसत होते, दंडावर टॉवेल टाकून उभे. परतताना गाडीत बायको म्हणाली, "पहिलंच करायचं. बाईंनी सांगितलं ना. बी.पी.ची गोळी वाढवू, मीठ बंद करू." त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. बोलणं दुखत होतं हे खरं, पण आता ते निमित्तही झालं होतं. "अहो, मी काय म्हणते आहे?" तो खिडकीबाहेर बघत राहिला. काच वर केलेली होती, हल्ली नेहमीच वर असायची.

ह्यानंतर तो खरोखरच पहिल्या रस्त्याला लागला होता. मीठ बंद झालं. सकाळी बायको त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळून बी.पी. बघायची. आणि मग ती सकाळ आली. वडिलांकडे बघायला दिवसा येणाऱ्या बाईंनी त्याला मागच्या खोलीतून हाक मारली, हळूच, घाबरवू नये अशी. वडील खुर्चीमागं उभे होते. त्यांनी वाटीत साबण घोटला होता, छान दाट फेस काढला होता, आणि ब्रश हातात धरून ते उभे होते, पुढं काय ते न कळून. ब्रशाकडे बघत होते. मग त्यांनी तो तोंडात घातला आणि दात घासायला लागले. बाईंनी पुढं होऊन त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला, त्यांचं तोंड पुसलं. "हे पहिल्यांदाच केलं त्यांनी," त्या म्हणाल्या. वडिलांच्या ओठांना फेस लागला होता. ते त्याच्याकडे बघून ओशाळं हसले, आपलं काहीतरी चुकलं आहे पण काय ते ह्या दाढीवाल्या साहेबांनी सांभाळून घ्यावं, असं. तो खोलीबाहेर आला. न गळणारं भांडंही गळायला लागलं होतं. तो रस्त्याकडच्या खिडकीशी उभा राहिला, आणि खूप काळानं त्यानं खिडकी उघडली. वारा आला, दुखणं आलं. त्यानं ते येऊ दिलं.

"सुई," तो बायकोला म्हणाला.

"वेड लागलंय का तुम्हाला?" तिच्या हातात त्याच्या बी.पी.चं यंत्र होतं, ते तिनं टेबलावर ठेवलं. "एका दाढीसाठी?" दाढीसाठी नाही हे तिला सांगायला हवं होतं. ते टॉवेल उचलल्यानंतरचं, "अरे, तू होय"चं, सांगायला हवं होतं. त्यानं तोडक्या शब्दांत, गालाला धक्का लागू न देता सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकत होती. तिचा आवाज खाली आला, आणि ती फार घाबरली किंवा फार चिडली की होई तसं झालं, ती अहो सोडून अरेवर आली. "अरे, बाबांचे किती दिवस राहिलेत? आणि आपले? नंतर तो मेलेला गाल घेऊन माझ्याबरोबर राहायचंय तुला. मी हात लावला तर तुला कळणार नाही. ह्याचा विचार केलास?" तिनं त्याच्या गालाला हात लावला नाही. कित्येक महिन्यांत लावला नव्हता, लावता येत नव्हता. तिचा हात हवेतच, त्याच्या गालापासून वीतभर दूर, थोडा वेळ तसाच राहिला. "केला," तो म्हणाला. खरं तर केला नव्हता. वडिलांपुढं त्याला ती दिसली नव्हती, आणि दिसली नाही हे आत्ता, तिचा हात दूर होताना, दिसलं. पण त्यानं शब्द मागं घेतला नाही. कपाटातून त्याचे कपडे काढून ती पिशवी भरायला लागली.

ऑपरेशनच्या खोलीत त्याला झोपवत होते आणि मधेच जागं करत होते. ते तसंच असतं, असं आधी सांगितलेलं होतं. सुई आत गेली की जागं करायचं, शिरेत बारीक झिणझिण्या सोडायच्या आणि विचारायचं, कुठं येतात. म्हणजे जाळायची ती जागा नेमकी सापडते. तो कुठूनतरी खालून वर येत होता, आणि वर मोठा पांढरा दिवा होता. सर्जन बाईंचा आवाज आला, "आता मुंग्या कुठं येताहेत? नीट सांगा." त्याला डोळ्याच्या खाली आल्यासारखं वाटलं, मग वरच्या ओठावर, मग खाली, हनुवटीच्या वळणावर. हे तर सगळं वडिलांचंच रान होतं. ते वस्तरा जिथून जिथून आणायचे तिथून तिथून त्या मुंग्या चालल्या होत्या, कानाच्या पाळीपासून खाली, मनगट वळवून, ओठाच्या कडेनं. "हो," तो म्हणाला, "बरोबर. तिथंच." कुणीतरी त्याला पुन्हा खाली सोडलं. वर आला तेव्हा कुणीतरी टाचणी घेऊन विचारत होतं, "टोचतंय?" उजवीकडं टोचत होतं. "आणि आता?" तो वाट बघत राहिला. "टोचा की," तो म्हणाला. "टोचलंय," बाई म्हणाल्या.

दुखणं गेलं. ते इतकं साफ गेलं, की पहिले काही तास तो नुसता त्याच्या नसण्याशीच खेळत बसला. बोलला. मोठ्यानं बोलला. नर्सला उगाच किती वाजले विचारलं. तोंडभर पाण्यानं चूळ भरली आणि पाणी डाव्या ओठातून शर्टावर सांडलं, ते त्याला शर्ट ओला झाल्यावर समजलं. तो हसला, आणि हसणं फुकट होतं. घरी आल्यावर न्हाणीघराच्या आरशासमोर त्यानं स्वतःच कात्रीनं दाढी वरवर उतरवली. बाकीची वडिलांसाठी ठेवली. गाल होता, दिसत होता, फुगवला की फुगत होता. बोट लावलं तर बोटाला गाल लागत होता, गालाला बोट लागत नव्हतं. शेजारच्या घरातलं सामान चाचपडावं तसं. त्या शांततेत तो पुरता रमला होता, आणि मग आरशात त्याला बायको दिसली. ती केव्हा येऊन मागं उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिचा तळहात त्याच्या डाव्या गालावर होता. कधीपासून होता, त्याला माहीत नव्हतं. तिनं आरशातून त्याच्याकडे बघितलं. "कळलं?" तिनं विचारलं. "हो," तो म्हणाला. "खोटं बोलतोस," ती म्हणाली, रागावून नाही, आणि हात काढून ती उजव्या बाजूला आली आणि तिथं तिनं हात ठेवला. तो गरम होता, थोडासा ओला होता, भाजी धुतल्यासारखा. त्याला रडू आलं. डाव्या डोळ्यातलं पाणी कुठवर आलं ते त्याला बघून समजून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच, एरवी कुलपात ठेवलेला वस्तरा काढून मागच्या खोलीत नेऊन ठेवला. वडील खुर्चीमागं उभे होते. टॉवेल दंडावर नव्हता, तो तिनं टाकला. "या साहेब," वडील म्हणाले, आणि तो बसला. फेस काढताना ते एकदा थांबले, ब्रशाकडे बघायला लागले, आणि दारात उभी असलेली बायको पुढं यायला निघाली. पण मग ब्रश त्याच्या गालाला टेकला, आणि टेकल्याबरोबर वडिलांच्या हाताला आपली जुनी वाट सापडली. उजवीकडं त्याला सगळं लागत होतं, फेसाची ऊब, बोटांचा ताण, वस्तऱ्याची ती बारीक करकर. डावीकडं फक्त आवाज येत होता. म्हणून डाव्या बाजूला तो डोळे उघडे ठेवून आरशात बघत राहिला, दुसऱ्या कुणाची दाढी चालली आहे ती बघावी तसा. वडील वाकलेले, जीभ ओठांच्या कोपऱ्यात, भुवया ताणलेल्या. ते चुकत नव्हते. हनुवटीच्या वळणावर मनगट फिरलं. वरचा ओठ झाला. पाण्याची वाटी, पिळलेला टॉवेल. तो अंधार आणि ती वाफ चेहऱ्यावर आली, अर्ध्या चेहऱ्यावर, आणि आत, टॉवेलाखाली, तो वाट बघू लागला. आयुष्यात इतकी वाट त्यानं कशाची बघितली नव्हती. टॉवेल उचलला गेला.

वडिलांनी त्याच्याकडे बघितलं. काळजीपूर्वक बघितलं, कानांखाली कुठं फेस राहिला आहे का ते बघितलं. "झालं साहेब," ते म्हणाले.

तो उठला नाही. दारातली ती पुढं आली नाही, मागं गेली नाही. वडील टॉवेलाची घडी घालत होते. घडी अर्धवट राहिली. त्यांचा हात पुन्हा त्याच्या डाव्या गालावर आला, दाढी गुळगुळीत झाली का ते बघतात तसा, आणि तिथंच थांबला. "ही बाजू तुम्ही चांगली सैल सोडलीत," ते म्हणाले. "उजवीकडं बघा, धरून ठेवलंय. तसं सगळेच धरतात. कितीही जुनं गिऱ्हाईक असो, पातं आलं की गाल आतून जरासा धरतोच. मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. ज्याचा त्याचा जीव." ते आरशात बघत होते, पण आरशातल्या त्याच्याकडे नाही, त्याच्या पलीकडे कुठंतरी. "माझा मुलगा तेवढा धरत नाही. मिसरूड फुटलं तेव्हा पहिल्यांदा बसवला खुर्चीत. म्हटलं घाबरेल. तर झोपला की हो! माझ्या हातात गाल सोडून झोपून गेला. हा असा." त्यांनी बधिर गालावर दोनदा थोपटलं. आरशात ते दिसलं.

"कुठं असतो तो?" त्यानं विचारलं.

"त्याचं दुकान आहे. चष्म्याचं. येईल आता," वडील म्हणाले. "रोज येतो."

"मी थांबलो तर चालेल?"

"थांबा की. घाई कुणाला आहे!"

वडिलांचा हात अजून गालावरच होता, विसरून राहिलेला. गालाला तो लागत नव्हता. त्यानं आपला हात वर नेला आणि त्या हातावर ठेवला. पेरांची हाडं लागली, फुगलेल्या शिरा लागल्या, साबणानं आलेली सुरकुती लागली. दारात ती वस्तरा मागण्यासाठी पुढं केलेला हात खाली घेऊन चौकटीला टेकून उभी राहिली. वडिलांनी हात सोडवून घेतला नाही. साहेबांना बसायला नीट जमत नसेल असं त्यांना वाटलं असावं, त्यांनी मोकळ्या हातानं खुर्चीची पाठ एक खाच मागं केली आणि म्हणाले, "डोळे मिटा हवं तर. तो आला की उठवतो."